बाळासोंना झपाटणारं पुस्तक

कवठे येमाईच्या बाळासो देवऋषींनी पंचवीस वर्षांत किती भुतं काढली, याची गणती गावाकडे नव्हती. त्यांनी स्वतः एकही पाहिलेलं नाही, हे मात्र फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्यांच्या हातचं भूत एका बैठकीत कधी गेलं नाही. पहिल्या अमावस्येला ते बोलायचं, दुसरीला रडायचं, तिसरीला भावकीतल्या कुणाचं तरी नाव घ्यायचं आणि सातवीला, घरातल्या कोंबड्या संपल्या, की निघायचं. टीव्हीवरच्या मालिकांनी ही विद्या बहुधा बाळासोंकडूनच उचलली असावी.

त्या महिन्यात म्हाळसाबाईंचं बोलावणं आलं. त्यांची सून धनश्री दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. लग्नाला वर्ष होत आलं होतं. ती दुपारी कांद्याच्या चाळीमागे लपून बसायची आणि हाक मारली की दचकायची.

"सुनंला बाहेरचं लागलंय," म्हाळसाबाई म्हणाल्या.

बाळासोंनी भंडारा उधळून झडती घेतली. गोधडीच्या घडीत एक कादंबरी निघाली. मुखपृष्ठावर विहीर, विहिरीतून वर आलेला हात.

"मूळ हितं हाय. ह्ये मी नदीत बुडवतो. अमावस्येला हिला बसवू."

धनश्रीचा चेहरा उतरला. तिची शेवटची वीस पानं राहिली होती.

नदीकाठी बाभळीखाली बसून बाळासोंनी पुस्तक उघडलं, ते केवळ धंद्यातल्या माणसाच्या कुतूहलानं. ऊन उतरलं तेव्हा साठ पानं झाली होती. पुस्तक पिशवीत घालून ते घरी आले. कादंबरीत एका ओसाड वस्तीवरच्या विहिरीत एक बाई होती. कुणी कुणाला हाक मारली की ती ओ द्यायची, आणि तिची ओ ऐकणारा परत यायचा नाही. बाळासोंच्या भुतांशी सौदा होत असे. या बाईला नारळ नको, कोंबडं नको, काहीच नको होतं. तिसऱ्या दिवसापासून बाळासो आडावर बायकोला सोबत नेऊ लागले. परसाकडे जातानाही तिला दारात उभं करू लागले.

पण शेवटचं पान मिटलं, आणि अंगण झाडून काढल्यासारखं त्यांचं मन मोकळं झालं. भीती जिथं सुरू झाली होती, तिथंच संपली होती. मागं काही उरलं नव्हतं. एवढ्या वर्षांत आपण एकाही माणसाला असं हलकं करून घरी धाडलं नाही, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं आणि फार वाईट वाटलं.

अमावस्येला दिवेलागणीआधीच म्हाळसाबाईंचं अंगण भरलं. बैठकीचा नियम सगळ्यांना पाठ होता: भुताला नाव विचारायचं, मागणं विचारायचं, आणि ते मागेल ते घरानं द्यायचं.

"कोण हायेस तू?" बाळासोंनी विचारलं.

धनश्रीनं मोकळ्या केसांतून मान वर केली. "विहिरीतली."

बाळासोंच्या हातातलं भंडाऱ्याचं ताट खाली पडलं. पोरीनं पुस्तक वाचलंय म्हणून ती असं बोलतेय, हे त्यांच्या डोक्याला कळत होतं. तरी ते दोन पावलं मागं सरले.

"काय... काय पायजे तुला?"

"रोज दुपारचे दोन तास. तवा मला कुणी हाक मारायची न्हाई." तिनं दुसरं बोट दुमडलं. "शिरूरच्या वाचनालयाचं कार्ड. आन् माझी ऱ्हायलेली वीस पानं."

अंगणात कुजबुज सुरू झाली.

"भुताला कार्ड कशाला?" म्हाळसाबाईंनी विचारलं.

"देऊन टाका," बाळासो घाम पुसत म्हणाले. "आन् हाक तर अजिबात मारू नका."

"मंग बाकीच्या सहा अमावस्या?"

बाळासोंनी धनश्रीकडे पाहिलं. कधी नव्हे ते खरं बोलावंसं वाटलं.

"लागायच्या न्हाईत. ह्ये एकातच संपतंय."

त्यांनी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या ओंजळीत ठेवलं. म्हाळसाबाईंनी ते निरखून पाहिलं; कोरडंठाक होतं.

"पण ह्ये तर तुम्ही बुडवलं व्हतं."

"वर आलं," बाळासो म्हणाले. त्या दोन शब्दांनी अंगण रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मुद्दाम चाळीकडून गेले. धनश्री पुस्तक उघडून बसली होती आणि सगळं घर चवड्यांवर चालत होतं.

"पोरी," ते लांबूनच, हळू आवाजात म्हणाले, "ती वीस पानं लई वाईट हायती. एकटीनं वाचू नगंस."

"मामा," पानावरची नजर न हलवता धनश्री म्हणाली, "वरीस झालं ह्या घरात येऊन, एकटी अशी आजच बसलेय. वाचू द्या."