साडूचा पडदा आणि माझा भोंगा

जत्रेत हरवलेली लेकरं सापडावीत ती माझ्या भोंग्यानंच. मी आमच्या झरी गावात माईक हातात घेतला की तिकडं चुडाव्याच्या स्टेशनावरची माणसं गाडी आली म्हणून पिशव्या उचलायची. हे मी कमी करूनच सांगतोय.

त्या वर्षी आमचे साडू, म्हणजे मेव्हणीचे यजमान, जत्रेतल्या कुस्त्या दाखवायला टेम्पोवर एलईडी स्क्रीन घेऊन आले. पडदा एवढा, की अर्ध्या पालम गावानं त्याच्या सावलीत उन्हाळा काढावा. माझी बायको माझ्याकडं पाठ करून तिकडंच बघत बसलेली. सासूबाई तर घरून उशी घेऊन आलेल्या. माझ्या पोटात जो जाळ पेटला होता, त्यावर सगळ्या जत्रेची भजी तळून निघाली असती.

दुपार कलली आणि एक बाई रडत माझ्याकडं आली. चार वर्षांची पोरगी, पाळण्यापाशी हात सुटला. जत्रेच्या मागं बिनकठड्याची विहीर. गर्दीतले दोघं गडी तिकडं बघायला पळालेसुद्धा.

"लाल फ्रॉक, पाय अनवाणी, गालावर तीळ!" मी भोंगा फोडला. पण फडात निकाली कुस्ती लागलेली. एक मान वळंल तर शपथ.

"साडूभाऊ," टेम्पोवरून हाक आली, "फोटो द्या इकडं. कुस्ती बंद करतो."

बंद करतो म्हणे! पोरगी सापडावी असं मला मनापासून वाटत होतं, पण सापडावी ती माझ्याच आवाजानं. "थांबा जरा, अजून एकदा पुकारतो," मी म्हणालो. बाईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मोबाईल घेऊन स्वतःच टेम्पोकडं धावली.

मोबाईलमध्ये पोरीचा एकच धड फोटो निघाला, अंगणवाडीतल्या गोकुळाष्टमीचा. मुकुट, मोरपीस, गालांना निळा रंग. दोन पुरुष उंचीचा बाळकृष्ण पडद्यावर उमटला आणि अख्ख्या जत्रेनं हात जोडले.

मला झालेला आनंद सांगायचीही लाज वाटते. "साडूभाऊ, दर्शन नगं, लेकरू हुडकायचंय!" मी माईकवरूनच हाणलं. हशा पिकला. बाई तेवढी हसली नाही. विहिरीकडं बघत उभी होती. माझा घसा जन्मात पहिल्यांदा बसला.

तेवढ्यात जिलेबीवाल्याच्या फळीखालून लाल फ्रॉक बाहेर आला. पोरगी हात जोडलेल्या माणसांच्या पायांमधून वाट काढत थेट टेम्पोपाशी गेली आणि पडद्याकडं बोट करून म्हणाली, "ह्ये मी हाय. माजी बासरी कुटं हाय?"

आईनं आधी तिच्या पाठीत धपाटा घातला, मग तिला छातीशी धरून मटकन खाली बसली.

संध्याकाळी ती बाई पेढे घेऊन आली. पहिला साडूंना, दुसरा मला. "दादा, तुमीबी लय वरडलात," म्हणाली. कौतुक होतं का टोमणा, कळलं नाही. पेढा मी खिशात घातला. साडूंच्या देखत काही तो माझ्या घशाखाली उतरला नसता.