हवा असूनही धुमसणारी आग

पुणतांब्याच्या पुंजारामला धूर दिसला की स्वस्थ बसवत नाही. पस्तीस वर्षं त्यानं गुऱ्हाळावर रस उकळायच्या काहिलीखालच्या चुलवणात उसाची वाळलेली चिपाडं सारली. आग पुरी जळतेय की अर्धवट, हे तो नुसत्या धुरावरून सांगतो. आणि खरं ठरलं की दिवसभर मिशीत हसतो.

बायकोला, छबूबाईला, छातीत कॅन्सरची गाठ निघाली. नगरच्या दवाखान्यात साखरेसारखं औषध टोचून स्कॅन काढला, त्यात गाठ लख्ख उजळलेली दिसली. गाठ साखर फार ओढते म्हणून ती उजळते, एवढं पुंजारामनं ऐकलं आणि पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही. चुलवण विझवायचं तर चिपाडं बंद करायची, हे त्याच्या हाडात भिनलेलं. घरी येताच त्यानं तिचा गूळ बंद केला, मग भात, मग भाकरीही. शहाणपणा कुठं थांबवावा हे त्याला कधी कळलंच नाही.

तीन आठवड्यांत ती साडेचार किलो उतरली. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर सृष्टींनी वजनकाटा पाहिला आणि केमोचा पुढचा डोस थांबवला. वजन सावरल्याशिवाय औषध झेपणार नव्हतं.

पुंजारामनं मोठ्या ऐटीत आपला उपाय सांगितला. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, कॅन्सरच्या पेशी साखर भराभर ओढतात, पण बरीचशी अर्धवट जाळूनच सोडतात."

"हवा मिळत नसंल."

"मिळते. तरी तसंच करतात."

पुंजाराम खुर्चीत पुढे सरकला. हवा असून आग धुमसते, हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. "का पन?"

"अर्धवट मोडलेल्या मालातून त्या नव्या पेशी बांधतात, असं दिसतं. सगळं कोडं अजून सुटलेलं नाही. पण काकूंनी खाल्लं नाही, तर शरीर स्वतःचं मांस मोडून साखर करतं. उपाशी गाठ राहत नाही, काकू राहतात."

 एसटीत धुरातून घर बांधणारी ती आग त्याच्या डोक्यातून जाईना, आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे बघवेना, इतकी लाज वाटत होती.

घरी त्यानं स्वतः भाकरी थापली, वाकडीतिकडी. वरण आणि उकडलेली अंडी पुढं ठेवली. छबूबाई मान खाली घालून जेवत राहिली.

"इतके दिवस भूक लागत नव्हती का गं?" त्यानं विचारलं.

"लई लागायची," ती म्हणाली. "पन आगीतलं तुमाला कळतं, म्हनून बोलले न्हाई."