फहीमचा पत्ता

जवळा बाजार गावात गुलनाजला सगळे ‘वायरवाली’ म्हणतात. आधी म्हणायचे, ‘फहीमची बहीण’. पत्र्यांवरून, लिंबाच्या फांद्यांतून वायर ओढून फहीमनं आडतीच्या दुकानांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडले होते. कुणाकडं सोयाबीनला काय भाव निघाला, ते बाकीच्यांना बसल्या जागी दिसायचं. मग कळमनुरीच्या रस्त्यावर ट्रकनं त्याला नेलं, आणि ते सगळं जाळं बहिणीच्या गळ्यात आलं.

या उन्हाळ्यात घरातला जुना नेम सर्व्हर धूर सोडून बंद पडला. वायरी शाबूत, दुकानं जागेवर, पण कुणाला कुणी सापडेना. पेमाकाका आडत्यांचा फोन आला.

“पोरी, मशीन तर चालू हाय. पर बाजारात दुसरं कुनीच न्हाई, असं सांगून राहिली.”

“करते काका. शिकून करते.”

“शिकून? मंजे येत न्हाई व्हय तुला?”

“येईल की.”

फहीमनं एकदा हसत हसत सांगितलेलं तिला आठवत होतं. “नवा माणूस विचारतो, पेमा आडत्याचं दुकान कुठं? चहावाला हात करून दाखवतो. नेम सर्व्हर म्हणजे तो चहावाला. नाव विचारलं की मशीनचा नंबर, म्हणजे पत्ता, सांगायचा. चहा तेवढा देत न्हाई.”

हिंदीतले व्हिडिओ थांबवून थांबवून ती शिकली. एक टिंब द्यायचं राहिलं की सगळी नावं बिघडायची, सर्व्हर उठायचाच नाही. पुन्हा बसायची. अखेर एकेका दुकानाचं नाव आणि त्याचा नंबर भरत गेली, आणि फहीमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरपाशी बोटं थांबली. तो कोपऱ्यात चादरीखाली होता. फहीम गेल्यापासून कुणी चालू केला नव्हता. बंद मशीनचं नाव कशाला, म्हणून तिनं ते गाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेमाकाकांनी नवा कॉम्प्युटर घेतला, तेव्हा तो मोकळा झालेला नंबर त्यालाच देऊन टाकला.

बाजार सुरू झाला. आडते खूश. गुलनाज मात्र सर्व्हरच्या पडद्याकडं बघून गार पडली. कोण काय विचारतंय ते तिथं ओळीनं उमटायचं, आणि मध्येच एक ओळ येत होती: फहीम कुठे? सर्व्हर उत्तर देत होता, असं नाव नाही. थोड्या वेळानं पुन्हा, फहीम कुठे?

विचारणारा मोबाइल याच घरातला होता.

दुपारची नमाज आटोपून अम्मी, खतीजाबी, दारात आली. हातात मोबाइल.

“काय केलंस गं याला?”

“काय झालं?”

“परवापर्यंत शोधून तर राहिला व्हता. ते गोल गोल फिरायचं. आता दाबलं की लगेच न्हाई म्हणतो. जरा बघून तरी न्हाई म्हणावं!”

गुलनाजला तेव्हा कळलं. फहीम पत्र्यांवर चढायचा, अम्मीचा जीव वर-खाली व्हायचा. म्हणून त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर एक पान बनवलं होतं. चढायच्या आधी त्यात दुकानाचं नाव टाकायचा. अम्मीनं मोबाइलवर बोट ठेवलं की मोठ्या अक्षरांत दिसायचं, पोरगं कुणाच्या छतावर आहे. तो गेल्यावरही ती बोट ठेवतच होती. जुन्या सर्व्हरकडं नंबर होता, पण त्या नंबरावर कुणी बोलत नव्हतं; पुढं सर्व्हरच बंद पडला, तेव्हाही उत्तर नव्हतं. मोबाइल वाट बघत फिरत राहायचा. अम्मी त्याच्याबरोबर वाट बघायची.

“थांब, फिरवते,” गुलनाज म्हणाली. फहीमचं नाव घातलं, पाठ असलेला नंबर सवयीनं घातला, आणि पापड उचलायला छतावर गेली.

खाली आली तर दार उघडं. अम्मीच्या चपला नाहीत. चुलीजवळचा भाकरीचा डबाही नाही. पडद्यावर ओळ होती: फहीम कुठे? आणि पुढं नंबर. सकाळी पेमाकाकांना दिलेला नंबर.

अम्मीचा मोबाइल फहीमला शोधत गेला होता आणि त्याच्या जागी पेमाकाकांचं सोयाबीनच्या भावाचं पान उघडलं होतं. मोठ्या अक्षरांत, ‘पेमा आडत दुकान’.

गुलनाज ओढणी सावरत धावली.

अम्मी सोयाबीनच्या पोत्यावर बसली होती. डबा मांडीवर, नजर वर पत्र्याकडं.

“कोन्या बाजूनं चढलाय?” ती विचारत होती.

पेमाकाकांच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच होता. “खतीजाबी, आधी पानी घ्या.”

“अम्मी, चूक माझी. त्याचा नंबर मी काकांना दिला होता.”

वर पत्रा तापून कडकडला. तिघांनीही मान वर केली.

“मला ठाव हाय,” अम्मी म्हणाली. “कफन घालताना त्याच्या कपाळाला मीच अत्तर लावलं. पर दुकानाचं नाव आलं न् पाय निघाले.”

“शिडी मी धरायचो त्याची,” पेमाकाका म्हणाले. “अजून पत्रा वाजला की हात शिडीकडं जातो बगा.”

अम्मीनं डबा उघडला, भाकरी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. “खा. तुमाला काय ठाव, किती लोकांच्या छतावरनं उपाशी यायचा.” मग लेकीकडं वळली. “त्याला असं लोकांच्या घरी नको पाठवत जाऊ.”

“पुसते त्याचं नाव.”

“नाव काहून पुसतीस? नाव राहू दे. पत्ता नको देऊ.”

“असं चालतं व्हय गं मशीनमधी?” पेमाकाकांनी विचारलं.

“माहीत न्हाई. बघते.”

चालत होतं. नाव ठेवायचं, त्यापुढं नंबराऐवजी साध्या मजकुराची एक ओळ ठेवायची. काय लिहावं हे तिला सुचेना, म्हणून तिनं नुसतं ‘भाई’ लिहिलं. सर्व्हर पुन्हा चालू केला.

सांजेची, मगरीबची नमाज संपली. आतल्या खोलीत अम्मीनं मोबाइल उचलल्याचा आवाज आला. गोल आता फिरणार नव्हतं, हे तिला सांगितलेलं होतं. पडद्यावर ओळ उमटली: फहीम कुठे?

आता सर्व्हर ‘असं नाव नाही’ म्हणाला नाही. नाव आहे, नंबर नाही, एवढंच म्हणाला.

गुलनाज उठणार, तेवढ्यात तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी पेमाकाकांच्या दुकानातून.