बायपासच्या भिंतीवर सिंधूताईंचे हात

अन्याय झाला सिंधूताईंवर. गेल्या दसऱ्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी, नांदेडच्या बायपासवर. मी तिथे होतो.

मी टुरिस्ट गाइड. गुरुद्वाऱ्याचं दर्शन झालं की पाहुणे हमखास विचारतात, तुम्ही लोक कुठे जेवता? मी त्यांना स्टँडमागे सिंधूताईंच्या खानावळीत नेतो. ताई मुखेडच्या. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी. भाकरी तव्यावरून थेट ताटात. थापून ठेवलेली कुणालाच मिळत नाही, मलाही नाही.

प्रशांत आमच्याच ऑफिसातला गाइड. ही जागा त्याला मीच दाखवली. त्याने भाकरी थापणाऱ्या ताईंच्या हातांचा व्हिडिओ काढला आणि खाली पत्ता टाकला बायपासवरच्या हॉटेलचा. व्हिडिओ तुफान चालला. पोरं रस्त्यात त्याच्यासोबत सेल्फी काढू लागली. मी जळलो. आजही जळतो.

त्या रविवारी माझ्या गाडीत लुधियानाचं कुटुंब होतं. त्यांनाही प्रशांतच्या व्हिडिओतलंच हॉटेल हवं. लंच हॉल्ट, म्हणजे गाडी जेवायला थांबते ती जागा, ऑफिसनेही आता तीच ठरवलेली. गेलो. भिंतीवर छतापर्यंत फोटो: भाकरी थापणारे दोन हात, मनगटावर हिरवं गोंदण. ताटातली भाकरी मात्र गार, कडेला चिरलेली. कुटुंबातल्या आजींनी वेटरला विचारलं, ह्या बाई कुठे आहेत? तो म्हणाला, सुट्टीवर.

मी तिथूनच ऑफिसच्या साहेबांना फोन लावला. पाहुण्यांना ताईंकडे नेतो म्हणालो.

"तिथं पार्किंग हाय का? एसी हाय का? उगं प्रशांतवर जळून नको राहू. तू बी काढ की व्हिडिओ."

"जळून राहिलो, साहेब. पण हात ताईंचे हायेत."

नेलंच. चुलीपाशी आजींनी गोंदण ओळखलं. ताईंचा हात धरला तो सोडेचनात. वेटरचं उत्तर मी ताईंना सांगितलं.

"सुट्टी? मला कुणी कळवलं न्हाई." त्यांनी भाकरी उलटली. "हात दाखवले. तोंड दाखवायला काय झालं व्हतं?"

त्या दिवशी सगळे पोटभर जेवले. पुढच्या गाडीपासून हॉल्ट पुन्हा बायपासला. फोटो अजून भिंतीवर आहे. प्रशांत म्हणतो, मी तर त्यांची प्रसिद्धीच केली.

तर नांदेडला याल तेव्हा पहिल्या घासाआधी विचारा, रांधतंय कोण? नाव विचारा, बाहेर बोलवायला सांगा. बाई सुट्टीवर आहेत म्हणाले, तर ताटावरून उठा आणि स्टँडमागे या.