धवला आणि सॅक्सोफोन

शेजारच्या लग्नातल्या हळदीचा वास आज जिन्यापर्यंत आला आणि पनवेलच्या कॉलेजातलं वीसेक वर्षांपूर्वीचं आमचं इवलंसं रेडिओ केंद्र आठवलं. मी त्या कॉलेजात शिकवायचो आणि शनिवारी दुपारी केंद्रावर जॅझचा कार्यक्रम करायचो. त्यात कधी कव्वाली मिसळायचो, कधी आफ्रिकी ढोल. संस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, "आपल्या मातीतलं काही नसेल, तर ती वेळ माझ्या चिंतनाला द्या." त्यांचं चिंतन मी ऐकलेलं होतं. म्हणून ओवे गावातून बारकीबाईंना आणलं. लग्नात धवले गाणाऱ्या त्या धवलारीण.

माइकसमोर बसून त्या म्हणाल्या, "नवरा कुठं हाय? हलद लावल्याबिगर मी धवला गात नाय."

तेवढ्यात अध्यक्ष पाहणीला आले. बाईंनी त्यांनाच खुर्चीत बसवलं आणि बटव्यातली हळद गालांना फासली. "आयचं नाव सांग, गान्यात घालायचं हाय."

शाल-श्रीफळाला सरावलेला तो साठीचा माणूस हळूच म्हणाला, "ठकू."

धवल्यात ते नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं. त्याखाली मी रेकॉर्डवरच्या सॅक्सोफोनचे सूर हलकेच सोडले. तेव्हा त्या पिवळ्या गालांकडे बघून हसू आवरत नव्हतं. आता मीही साठीला पोचलोय, तर आठवतो तो "ठकू" म्हणतानाचा त्यांचा आवाज, भाषणात कधीच न ऐकलेला.

गाणं संपल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "खाली ते काय वाजत होतं?"

"सॅक्सोफोन. तुम्ही बंद करणार होता, त्या कार्यक्रमातला."

गाल न पुसताच ते उठले. "असू दे," म्हणाले, "चालू ठेवा."