पुनारामचं ताट

पौषातलं धुकं लालबर्ऱ्याच्या धानाच्या बांध्यांवर अजून पडूनच होतं. ओल्या पोत्यातली तेंदूची पानं काढून शेवंताबाई बिडीसाठी कैचीनं कापत होती. आज रविवार, दवाखान्यात भेटीचा दिवस. अर्धी पानं तशीच टाकून तिनं बस धरली.

धाकट्या भावाच्या, पुनारामच्या, पायाला कुऱ्हाड लागली होती. तिशीचा गडी, अंगानं रेडा, समज मात्र लेकराएवढी. तीन दिवसांपूर्वी दवाखान्यानं त्याला भरती करून घेतला अन् शेवंताबाईला फाटकाबाहेर काढलं. नातलगाचं वार्डात काय काम!

आज पाहते तर पुनाराम खाटेला पट्ट्यांनी बांधलेला. ओठ फुटलेले. उशाशी थंडगार वरणभात, शितालाही हात न लागलेला.

"काहून बांधलं व याले?"

"पागल आहे तो," नर्सबाई म्हणाली. "भरती झाल्यापासून खात नाही, हात मोकळे होते तेव्हाही ताटाला शिवला नाही. पट्टी बदलायला गेलं की लाथा मारतो. उद्या नागपूरच्या पागलखान्यात पाठवणार आहेत."

शेवंताबाईनं गाठी सोडल्या. ताट पुढं सरकवलं.

"जेव, पुन्या."

पुनाराम दोन्ही हातांनी तुटून पडला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "अरे, ये तो भूखा था बेचारा!"

शेवंताबाईचं डोकंच फिरलं.

"वाढणारानं जेव म्हटल्याबिगर ताटाले हात लावाचा नाही, हे मायनं शिकवलं त्याले. माय मेली, तो नाही विसरला. तुमी ताट आदळता अन् चालल्या! कुत्र्यालेबी यू यू म्हणते माणूस!"

"एवढ्या खाटा. कोणाकोणाला जेव म्हणू?"

"बाकीच्याईले मागाले तोंड हाय. याले हाय का?"

आरडाओरडा ऐकून डॉक्टर आले. "बाई, बाहेर व्हा. नियम आहे."

"नियमानं उपाशी मारता? धाडा नागपूरले. तिथं जेव कोण म्हणन, तुमचा नियम?"

डॉक्टरांनी रिकामं ताट पाहिलं. मग जुनीच पट्टी असलेला पाय पाहिला. "नागपूरचं राहू द्या. हिला इथंच थांबू द्या," एवढं नर्सबाईला सांगून ते वळले. चुकलं, असा शब्द कोणाच्या तोंडून निघाला नाही. कशाला निघेल? उपाशी तर पुनाराम होता.

"अन् ज्याले बहीण नाही त्यानं?" शेवंताबाईनं पाठीमागून विचारलं.

डॉक्टर पुढच्या खाटेशी पोचले होते.

तिनं भावाखालची ओली, वास मारणारी चादर ओढली, नळावर नेली अन् दगडावर आपटायला लागली.