दहाची पाटी

देवळीच्या बसस्टँडसमोर तो तर्री-पोहे विकतो. वर्ध्याच्या एका नावाजलेल्या पोहेवाल्याला त्याने गुरू मानलंय, आणि त्या गुरूला याची गंधवार्ताही नाही. धंदा टाकण्याआधी हा महिनाभर रोज पहिल्या बसने वर्ध्याला जायचा, एक प्लेट घ्यायचा आणि नुसता बघत बसायचा. आता खांद्यावर तसाच लाल दुपट्टा, गिऱ्हाइकाशी तसंच तुटक बोलणं, आणि दहाच्या ठोक्याला ‘पोहे संपले’ची पाटी. गुरूचे खरंच संपतात. याचं अर्धं पातेलं शिल्लक असतं.

मी एकदा म्हणालो, "अरे, आहेत तर विक ना."

"नाई सर. लोकायले वाटलं पायजे, उशीर केला तं भेटत नाई. मोठा माणूस असाच मोठा झाला."

परवा पाटी लागल्यावर एक म्हातारी बसमधून उतरली. पाटी वाचली आणि परत फिरली. हा पातेल्याकडे बघत राहिला. मग एकदम ओरडला, "ओ मायबाई, बसा!"

प्लेट भरून त्याने वरून दोनदा तर्री घातली. मग हळूच माझ्याजवळ आला.

"सर, तुम्ही वर्ध्याले जाता. तिकडं सांगू नका बरं."